गावातले मृत्यू मोजायचे असतील तर आधी नोटिसा थांबवा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी असते की अमुक तालुक्यात बालमृत्यू निम्म्यावर आले, मग दोन महिन्यांनी तमुक तालुक्यात वाढले म्हणून अधिवेशनात प्रश्न विचारला गेला. दोन्ही बातम्या वाचताना माझ्या डोक्यात एकच येतं, हे मोजलं कुणी आणि कसं? मी आरोग्य खात्यात एमपीडब्ल्यू म्हणजे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी म्हणून लागलो आणि आरोग्य सहाय्यक म्हणून रिटायर झालो. डॉक्टर नाही, संशोधक तर नाहीच, घरोघरी फिरणारा आणि रजिस्टरं भरणारा माणूस. त्यामुळे या रजिस्टरांत काय येतं, काय येत नाही आणि का येत नाही हे जरा जवळून बघितलंय, म्हणून लिहितोय. पत्र लांबेल, कात्री लावायची तर लावा पण हिशोबाचा भाग तेवढा ठेवा.

हिशोब साधा आहे, कुणालाही घरी बसून करता येईल. एसआरएस म्हणजे केंद्र सरकारची नमुना नोंदणी, निवडक गावं-वस्त्यांत मोजून केलेली, तिच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ आणि मृत्यूदर साडेपाच. म्हणजे २००० वस्तीच्या गावात वर्षाला तीसेक बाळं जन्मली पाहिजेत आणि अकराएक माणसं गेली पाहिजेत. गावातली तरुण पोरं पुण्या-मुंबईला गेली असतील आणि मागे म्हातारी माणसंच उरली असतील तर जन्म कमी आणि मृत्यू याहून जास्त. आता तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत जा आणि जन्म-मृत्यूचं रजिस्टर बघा. २००० च्या गावात वर्षभरात चारच मृत्यू लिहिलेले दिसले तर गाव फार निरोगी आहे असं समजू नका, काही लोक गेले आणि त्या वहीत आलेच नाहीत एवढाच त्याचा अर्थ.

बाळांचं गणित आणखी अवघड. त्याच वर्षी राज्याचा अर्भक मृत्यूदर होता १६, म्हणजे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत १६ बाळं गेली. ३० जन्मांच्या गावात याचा अर्थ दोन वर्षांत एखादं बाळ. त्यामुळे एका गावाचा 'दर' काढून पेपरात छापण्यात काही राम नाही, एक बाळ गेलं की ३० मागे एक म्हणजे हजारी ३३ आणि पुढच्या वर्षी शून्य, लगेच हेडिंग "बालमृत्यूत शंभर टक्के घट". मुलींच्या जन्माचंही तेच, २२ बाळंतपणांत १३ मुली झाल्या की गावाचा सत्कार. पण ३०,००० लोकसंख्येची पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या, वर्षाला साडेचारशे जन्म, त्यात राज्याच्या सरासरीने सात बाळं जाणार. आता अशी एखादी पीएचसी सलग दोन वर्षं झिरो अर्भक मृत्यू दाखवत असेल तर तिथल्या एमओ म्हणजे वैद्यकीय अधिकारी साहेबांचा फोटो छापायच्या आधी कुणीतरी त्या हद्दीत घरं फिरून यायला पाहिजे.

मृत्यू गायब कसे होतात ते सांगतो. फार मोठं कारस्थान वगैरे काही नसतं त्यात.

पीएचसीची मासिक सभा असते, प्रत्येक उपकेंद्राची सिस्टर उभी राहून आकडे वाचते, एएनसी म्हणजे गरोदर बायकांची नोंदणी इतकी, प्रसूती इतक्या, लसीकरण इतकं, बालमृत्यू निरंक, म्हणजे शून्य. निरंक, निरंक, निरंक असं चाललेलं असतं आणि मग एखादी म्हणते "एक". लगेच हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळतात. का गेलं, वजन किती होतं, भेट कधी दिली होती, आशाने कळवलं का नाही, रेफर का केलं नाही. प्रश्न सगळे रास्त आहेत, विचारलेच पाहिजेत, पण विचारायचा सूर पोलीस स्टेशनचा. त्यानंतर बालमृत्यू अन्वेषणाचा फॉर्म, वरून फोन, आणि बऱ्याच वेळा एक कारणे दाखवा नोटीस, की आपल्या कार्यक्षेत्रात सदर मृत्यू झाला असून आपण कर्तव्यात कसूर केली आहे असे का समजू नये. शेजारी बसलेल्या बाकीच्या सिस्टर हे सगळं बघत असतात. पुढच्या महिन्यात सगळीकडे निरंक. यात त्या बायकांना दोष देऊन उपयोग नाही, मोजणाऱ्याने खरं मोजलं की त्याचाच पगार अडतो अशी व्यवस्था असेल तर दुसरं काय होणार.

खोटं लिहायचीही फारशी गरज पडत नाही, फक्त रकाना बदलायचा. बाळ जन्मलं, एकदोनदा कण्हलं, श्वास घेतला आणि अर्ध्या तासात गेलं. हा झाला नवजात मृत्यू, म्हणजे फॉर्म आला, नोटीस आली. तेच बाळ 'उपजत मृत' म्हणून लिहिलं की ते जन्मलंच नाही, अर्भक मृत्यूत धरलं जात नाही, बालमृत्यूत तर नाहीच. घरच्यांनाही कुणी धड विचारत नाही की रडलं होतं का, हातपाय हलवले होते का, हे विचारायला बाळंतिणीजवळ पाच मिनिटं बसावं लागतं आणि त्या अवस्थेत विचारणं कुणालाही नकोसंच वाटतं. म्हणून ज्या ठिकाणी अर्भक मृत्यू कमी आणि उपजत मृत्यू जास्त दिसतील तिथे मला आधी रकान्याचा संशय येतो.

दुसरी वाट माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सासरच्या आशाने एएनसी नोंद केली, गोळ्या दिल्या, धनुर्वाताची इंजेक्शनं झाली आणि सातव्या-आठव्या महिन्यात पोरगी माहेरी गेली. कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथेच नोंदवायचा, म्हणजे माहेरच्या गावात किंवा तालुक्याच्या दवाखान्यात. बाळ गेलं तर सासरची आशा म्हणते माझ्याकडे प्रसूतीच झाली नाही, माहेरची म्हणते ती माझी लाभार्थीच नाही, पाहुणी आहे. म्हाताऱ्या माणसांचं याच्या उलट, सिव्हिलला किंवा शहरातल्या खाजगी हॉस्पिटलात गेले की नोंद तिथल्या नगरपालिकेत होते, ते बरोबरच आहे, पण गावाला स्वतःची किती माणसं वर्षभरात गेली आणि कशाने गेली हे कुठल्याच एका कागदावर बघायला मिळत नाही.

आणि ऊसतोडीचं तर विचारूच नका. बीडकडून आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात त्या पार उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात तर कुणी कर्नाटकात. एका तांड्यावरच्या बाईचं माता बाल संरक्षण कार्ड मी बघितलं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेलं, पाचव्या महिन्यापर्यंतचे रकाने निळ्या शाईने भरलेले, वजन, बीपी, एचबी सगळं. त्यानंतर कोरं. बाळ उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, झालं होतं आणि सहाव्या दिवशी गेलं होतं. ते बाळ कुठल्या जिल्ह्याचं? ज्या जिल्ह्यात जन्मलं तिथल्या आशाला ती टोळी आलीय हेच माहीत नाही, गावाकडच्या आशाला माहीत आहे पण तिच्या फॉर्ममध्ये ते बसत नाही. गावातल्या घराला कुलूप, म्हणून सर्व्हेत "स्थलांतरित" असा शेरा आणि विषय संपला. जन्माची नोंद नाही, मृत्यूचीही नाही. सरकारच्या दृष्टीने ती बाई त्या वर्षी बाळंत झालीच नाही.

हे मोजता येत नाही असं कुणी म्हणेल तर ते मला पटत नाही, कारण आपल्याच राज्यात मोजून दाखवलंय. गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावं तुलनेसाठी बाजूला ठेवली. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी साधारण २६ वर आला, तुलनेच्या गावांत तसा उतरला नाही. सगळे त्यातल्या उपचाराचं कौतुक करतात, बरोबरच आहे, घरात बाळाला ऊब देणं, श्वास मोजणं, इंजेक्शन देणं हे पाचवी ते दहावी शिकलेल्या बाईने करणं काही साधी गोष्ट नाही. पण माझ्यासारख्या रजिस्टरवाल्याला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. ४७ गावांत तसा उतार नाही हे कळलं कशावरून? तिथेही प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला जात होता म्हणून. आणि एकाने लिहिलं की झालं असं नव्हतं, दर सहा महिन्यांनी घरोघरी जाऊन परत सर्व्हे व्हायचा आणि सुटलेलं पकडलं जायचं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते ती एचबीएनसी योजना २०११ पासूनची, ती या कामातूनच आली. योजना घेतली, भेटींचे दिवस घेतले, फॉर्म घेतला, दुसऱ्या माणसाने परत मोजायचं तेवढं मात्र गडचिरोलीतच राहिलं.

बांगलादेशात मतलब नावाचा भाग आहे, तिथे १९६६ पासून घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, लग्न, कोण गावात आलं कोण गेलं हे सगळं लिहिलं जातंय, आज साठ वर्षं होत आली. १९७४ मध्ये तिथे कॉलऱ्याच्या एका लसीची चाचणी झाली, अर्ध्या लोकांना ती लस आणि बाकीच्यांना तुलनेसाठी धनुर्वात-घटसर्पाची लस दिली. कॉलऱ्याचं जे व्हायचं ते झालं, पण नंतर रजिस्टर तपासताना दिसलं की ज्या बायकांना तुलनेची लस मिळाली होती त्यांची बाळं जन्मानंतर चौथ्या ते चौदाव्या दिवसात कमी गेली. नवजात धनुर्वात त्याच दिवसांत मारतो. म्हणजे बाळ कितव्या दिवशी गेलं हे लिहिलेलं होतं म्हणून, कुणी शोधायला गेलेलं नसताना, एवढी मोठी गोष्ट हाती लागली. आपल्याकडे मृत्यूच्या रकान्यात "१ वर्षाच्या आत" एवढंच लिहून मोकळे होतात.

पुण्याजवळ वढू भागात केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र शिरूर आणि हवेली तालुक्यातली २२ गावं २००२ पासून असंच मोजतंय, आणि तो भाग कंपन्यांचा, चाळीत भाड्याने राहणारी बाहेरची माणसं सारखी बदलत असतात, तरी मोजतात. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्य सेविका म्हणून उभं केलं. डोकी आपल्याकडे होती आणि आहेत, तो प्रश्न नाही.

आणि २००१ साल आठवत असेल तर आठवून बघा. राज्यातल्या संस्थांनी एकत्र येऊन स्वतः मोजणी केली आणि 'कोवळी पानगळ' नावाने रिपोर्ट काढला की सरकारी कागदावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त बाळं जातायत. केवढा गदारोळ झाला होता! नंतर सरकारने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मृत्यू कमी नोंदवले जातात हे कागदोपत्री आलं. तेव्हा काही महिने खरोखर नोंदी वाढल्या, आकडे वाढले. आकडे वाढले म्हणून ओरड झाली. ओरड झाली म्हणून नोटिसा निघाल्या. पुढचं सांगत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो, तरुण वाचकांना माहीत नसेल. मलेरियाच्या कार्यक्रमात आम्हाला दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं असायचं. दाराशेजारी भिंतीवर स्टेन्सिलने चौकट मारलेली असायची, तिच्यात आम्ही भेटीची तारीख टाकून सही करायचो. कुणाला ताप आहे का, होता का, असेल तर बोटाला टोचून रक्ताची स्लाइड आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या. सुपरवायझर नंतर येऊन भिंत बघायचा. यात चोऱ्या व्हायच्या का, तर व्हायच्या, स्लाइडचं टार्गेट असलं की टार्गेटपुरत्या स्लाइडही निघतात. पण त्या भिंतीवरच्या चौकटीची एक गंमत होती, ती घरच्यांना दिसायची. म्हातारी बाई लिहिता-वाचता येत नसतानाही म्हणायची "अरे मागच्या खेपेची सही नाही तुझी." ती चौकट गेली आणि तिच्या जागी आता मोबाईल आला. मोबाईलमधली एन्ट्री साहेबाला दिसते, पोर्टलला दिसते, दिल्लीला दिसते, ज्या घराची आहे त्या घराला सोडून सगळ्यांना दिसते.

मोबाईलबद्दल माझी तक्रार नाही, चांगला चालला तर हजार पानं लिहायची वाचतात. पण अंगणवाडीचं ॲप वेगळं, आशाचं वेगळं, सिस्टरचं पोर्टल वेगळं, एनसीडीचं म्हणजे बीपी-शुगरचं वेगळं, आणि तेच नाव, तेच वय, तोच आधार नंबर प्रत्येकात परत भरायचा. अंगणवाडीचं पोषण ट्रॅकर ॲप आलं त्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, कारण ते हँडसेट त्या कामाच्या लायकीचेच नव्हते. त्यात आशाताईला पगार नाही, कामावर आधारित मोबदला. बाळंतिणीच्या घरी सहा भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये. वस्त्या विखुरलेल्या असतील तर तिथे जायला-यायलाच किती मोडतात बघा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांना मोठा पुरस्कार दिला, टाळ्या वाजल्या, २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या. कोविडमध्ये 'माझे कुटुंब माझी जबाबदारी'ला यांनीच घरं पालथी घातली होती, हे आता कुणाच्या लक्षातही नाही.

फक्त बाळांचं बोलतोय असं नाही. सर्पदंश घ्या. एसआरएसच्याच गावांत घरोघरी जाऊन, माणूस कसा गेला हे घरच्यांना विचारून कारण ठरवतात, व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात त्याला. त्यावरून २०२० मध्ये जो अंदाज आला तो असा की २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं साप चावून गेली, वर्षाला ५८,०००. दवाखान्यांच्या रिपोर्टवरून सरकारकडे येणारा आकडा याच्या जवळपासही नसायचा. का, तर रानात चावला, आधी मांत्रिकाकडे नेला, नाहीतर गाडी मिळेपर्यंत वाटेतच गेला, दवाखान्यात पोचलाच नाही तर दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये कसा येणार. आता केंद्राने २०२४ मध्ये सर्पदंशाचा कृती आराखडा काढला आणि राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. उशीर झाला पण झालं, आणि झालं ते कुणीतरी दारात बसून विचारलं म्हणून. आपल्या रजिस्टरात मृत्यूचं कारण बघा, "वार्धक्य", "हृदयक्रिया बंद पडून", "अचानक", "ताप". हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मरतो? देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले मृत्यू चारात एकही भरत नाहीत, खेड्यात तर त्याहून कमी असणार हे उघड आहे.

जनगणना २०११ नंतर झालेली नाही, आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरलाय. तोपर्यंत उपकेंद्राची लोकसंख्या म्हणजे २०११ चा आकडा अधिक अंदाजे वाढ, त्यावरून "अपेक्षित प्रसूती" काढतात आणि त्या टार्गेटवर सिस्टरला धरतात. अर्धं गाव शहरात गेलंय, गरोदर बायका आहेतच तेवढ्या, आणि वरून विचारणा की तुमची एएनसी नोंदणी ७० टक्केच का. आणायच्या कुठून बायका? जनगणना झाली की हे काही दिवस सुधारेल, मग परत दहा वर्षं तेच. जनगणनेने २०११ मध्ये सांगितलं की बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली आहेत, तेव्हा आपण सगळे हादरलो, पण त्या मुली काही एका रात्रीत कमी झाल्या नव्हत्या. जन्माच्या नोंदी जिल्ह्याच्या पातळीवर दर वर्षी कुणी नीट बघितल्या असत्या तर २०११ ची वाट बघावी लागली नसती.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे मृत्यू कळवला म्हणून नोटीस देणं आजपासून बंद. मृत्यू लपवला तर जरूर विचारा, पण मृत्यू झाला आणि तिने स्वतःहून २४ तासांत कळवला तर तिला संरक्षण पाहिजे, लेखी, जिल्हा परिषदेच्या सीईओंच्या सहीचं. अन्वेषण करायचं ते पुढचं बाळ वाचावं म्हणून, गाडी का मिळाली नाही, पीएचसीत रात्री कोण होतं, रक्त कुठे मिळालं असतं. बहुतेक वेळा उत्तर आशाच्या हातातलं नसतंच.

दुसरं, एसआरएस जे करतं तेच लहान प्रमाणात तालुक्यात करा. तिथे गावातला माणूस वर्षभर लिहितो, आणि सहा महिन्यांनी बाहेरचा सुपरवायझर येऊन, आधीची वही न बघता, घरोघरी स्वतः विचारून लिहितो, मग दोन्ही याद्या जुळवतात, जे जुळत नाही त्या घरी परत जातात. एवढं साधं आहे. आपल्या तालुक्यात आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक आहेत, दुसऱ्या उपकेंद्राचे एमपीडब्ल्यू आहेत, दर सहा महिन्यांनी प्रत्येक पीएचसीतली दोन गावं चिठ्ठी टाकून निवडा आणि दुसऱ्या हद्दीतल्या माणसाला पाठवा. वेगळा निधी, वेगळं ॲप काही लागत नाही. आणि लिहिताना माणूस राहायला कुठला ते धरा, बाळंतपण कुठे झालं ते वेगळ्या रकान्यात, म्हणजे माहेरवाशीण आणि ऊसतोडवाली दोघीही कुणाच्या तरी यादीत येतील.

तिसरं, हे गावाला वाचून दाखवा. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, कागदावर तरी आहे, वर्षाला तिला १०,००० रुपये अबंधित निधी येतो. तिच्या सभेत दर तीन महिन्यांनी, कुणाचंही नाव न घेता, सांगायचं की इतकी बाळं जन्मली, इतकी माणसं गेली, या वयाची, या कारणाने. गावाला लगेच कळतं काय सुटलंय ते, "अहो ती वरच्या वाडीवरची म्हातारी राहिली की" असं कुणीतरी बोलतंच. खाजगी गोष्टी बाहेर पडू नयेत हे मला मान्य आहे, एचआयव्ही, टीबी, आत्महत्या असलं काही सभेत उच्चारायचं नाही, लहान गावात नाव न घेताही माणूस ओळखू येतो. पण त्या भीतीने सगळंच कपाटात ठेवायचं हेही चूक. जुन्या नोंदींची किंमत आपल्याला कधी कळली ते बघा, २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं, गाव नमुना १४, कोतवाल बुकं धूळ झटकून बाहेर काढली, मोडी वाचणारे शोधून आणले. शंभर वर्षांपूर्वीच्या कोतवालाने, बिचाऱ्याला ना मोबाईल ना लाईट, लिहून ठेवलं होतं म्हणून सापडलं. आजच्या रजिस्टरात शंभर वर्षांनी कुणी काही शोधायला गेला तर त्याला काय मिळेल?

आता तुमच्याकडे एक मागणं. पावसाळ्यात तुम्ही रोज तालुकावार पाऊस छापता, मिलिमीटरमध्ये, धरणात किती टक्के पाणी तेही, आणि लोक चहा पिताना तो तक्ता बघतात, एखाद्या तालुक्यापुढे चुकून शून्य आला तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन येतात की अहो आमच्याकडे रात्रभर कोसळत होता. तसाच तक्ता दर तीन महिन्यांनी जन्म-मृत्यूचा छापा. तालुक्याचं नाव, जन्म, उपजत मृत्यू, २८ दिवसांच्या आतले मृत्यू, वर्षाच्या आतले, एकूण मृत्यू, बस. दर काढू नका, टक्के घट-वाढ काढू नका, हेडिंगही देऊ नका, नुसते आकडे द्या आणि शेजारी त्या तालुक्याची लोकसंख्या. जिल्हा परिषदेकडून मिळतील, नाही दिले तर माहिती अधिकारात मागा, आणि ज्या तालुक्याने दिले नाहीत त्याची ओळ कोरी सोडून खाली लिहा की माहिती मिळाली नाही. पहिल्या एकदोन वेळेला आकडे वेडेवाकडे येतील, काही तालुके एकदम वाईट दिसतील, बहुतेक तेच तालुके खरं लिहिणारे असतील. तेव्हा कृपा करून तिथल्या टीएचओंच्या, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मागे कॅमेरा घेऊन पळू नका, शेजारच्या निरंकवाल्या तालुक्यात वार्ताहर पाठवा.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक
(नाव छापू नये ही विनंती, जुने सहकारी अजून नोकरीत आहेत)